प्रशांतचंद्र महालनोबीस

प्रशांतचंद्र महालनोबीस (जन्म : कोलकाता, २९ जून १८९३; मृत्यू : कोलकाता, २८ जून १९७२) हे भारतीय संख्याशास्त्रज्ञ, भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक आणि स्वतंत्र भारताच्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा तयार करणारे नियोजनकार होते. दोन समूहांमधील अंतर मोजणाऱ्या त्यांच्या सूत्राला जगभर महालनोबीस अंतर या नावाने ओळखले जाते. राष्ट्रीय नमुना पाहणी त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली.

नियोजनकार म्हणून त्यांचे नाव एवढे मोठे झाले की त्यांच्या कार्याचा आरंभ कोठे झाला हे सहसा सांगितले जात नाही. तो पावसाच्या नोंदवह्यांत झाला. आपत्ती कोसळल्यानंतर घाईने आणि डोळ्यांसमोरच्या एका घटनेवरून उपाय ठरवू नयेत, आधी त्या प्रदेशाच्या कित्येक वर्षांच्या नोंदी तपासाव्यात, हा आग्रह त्यांनी १९२२ पासून धरला. पुढे याच आग्रहातून पिके, दुष्काळ, राष्ट्रीय उत्पन्न आणि अखेर देशाचे नियोजन अशी त्यांची वाटचाल झाली.

कुटुंब आणि शिक्षण

महालनोबीस घराणे मूळचे पूर्व बंगालमधील विक्रमपूरचे. आजोबा गुरुचरण १८५४ मध्ये कोलकात्यास आले आणि १८६० मध्ये त्यांनी औषधांचे दुकान काढले. देवेंद्रनाथ ठाकूर यांच्या प्रभावाने ते ब्राह्म समाजात आले. त्यांनी एका विधवेशी विवाह केला. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. त्यांचे थोरले पुत्र सुबोधचंद्र शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले, तर धाकटे प्रबोधचंद्र व्यापारात पडले. प्रशांतचंद्र हे प्रबोधचंद्रांचे पुत्र. आई निरोदबासिनी या प्रसिद्ध डॉक्टर नीलरतन सरकार यांच्या भगिनी होत्या.

प्रशांतचंद्रांचे शालेय शिक्षण ब्राह्म बॉईज स्कूलमध्ये झाले. प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू आणि प्रफुल्लचंद्र राय हे त्यांचे शिक्षक होते. मेघनाद साहा त्यांच्या मागच्या वर्गात, तर सुभाषचंद्र बोस आणखी मागे होते. १९१२ मध्ये भौतिकशास्त्रात पदवी मिळवून ते १९१३ मध्ये लंडनला शिकण्यासाठी गेले. केंब्रिज पाहायला गेले असता परतीची गाडी चुकली, रात्री एका मित्राकडे राहावे लागले आणि किंग्ज कॉलेजचे प्रार्थनामंदिर पाहून त्यांनी तेथेच प्रवेश घेण्याचे ठरवले. तेथे श्रीनिवास रामानुजन यांच्याशी त्यांची मैत्री झाली. केंब्रिजच्या थंडीत रामानुजन कुडकुडत झोपत असत, कारण अंथरुणावर घालून ठेवलेल्या ब्लँकेटांच्या आत शिरायचे असते हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ते महालनोबीस यांनी दाखवून दिले.

१९१५ मध्ये भौतिकशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यावर सुट्टीसाठी मायदेशी निघताना युद्धामुळे बोट लांबली. मधल्या दिवसांत ग्रंथालयात त्यांच्या शिक्षकांनी त्यांना ‘बायोमेट्रिका’ या संख्याशास्त्रीय नियतकालिकाचे अंक दाखवले. महालनोबीस यांनी सर्व खंड विकत घेतले आणि प्रवासात वाचायला सुरुवात केली. ते इंग्लंडला परतले नाहीत. प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि संख्याशास्त्र हा त्यांचा फावल्या वेळचा अभ्यास झाला. भारतात तेव्हा या विषयाचे स्वतंत्र अध्यापन कोठेही होत नव्हते.

१९२० मध्ये नागपूर येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात त्यांची भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक नेल्सन अ‍ॅनन्डेल यांच्याशी भेट झाली. कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापनाचे आकडे अ‍ॅनन्डेल यांच्याकडे होते, पण त्यांचे काय करावे हे कळत नव्हते. ते काम महालनोबीस यांनी अंगावर घेतले. त्यावरील निबंध १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच विचारातून पुढे महालनोबीस अंतराची कल्पना आकारास आली.

अलीपूरची वेधशाळा

भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले, तेही आपत्तींच्या अनुभवातून. १८६४ चे कोलकात्याचे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ या घटनांनी सरकारला नियमित निरीक्षणांची गरज पटवून दिली होती. महालनोबीस कामास लागले तेव्हा या खात्याकडे जवळजवळ अर्धशतकाच्या नोंदी जमल्या होत्या. खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर हे स्वतः गणितज्ञ होते आणि दूरदूरच्या प्रदेशांतील वायुभाराचा भारतातील मोसमी पावसाशी काय संबंध आहे हे आकड्यांतून शोधत होते. त्यांनी काही प्रश्न महालनोबीस यांच्याकडे सोपवले. १९२२ ते १९२६ या काळात महालनोबीस यांनी प्राध्यापकी सांभाळून अलीपूर वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ म्हणून काम केले.

वातावरणाच्या वरच्या थरांतील निरीक्षणांचा अभ्यास करून, भूपृष्ठावरील हवामानातील बदलांवर सर्वाधिक प्रभाव समुद्रसपाटीपासून सुमारे चार किलोमीटर उंचीवरील थराचा असतो, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. पण या चार वर्षांचे खरे फळ वेगळे होते. पर्जन्यमापकाची रोजची नोंद कोण करते, ती कोठे चुकते, एखाद्या ठाण्याची वही मध्येच का थांबते, याची ओळख त्यांना येथे झाली. आकडा ही आयती वस्तू नसून कोणीतरी पावसात उभे राहून लिहिलेली गोष्ट आहे, ही जाणीव त्यांच्या पुढील सर्व पाहण्यांत दिसते.

उत्तर बंगालचा पूर

सप्टेंबर १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला. राजशाही आणि बोगरा या जिल्ह्यांत फार मोठी हानी झाली. मदतकार्याचे नेतृत्व आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी केले आणि सुभाषचंद्र बोस प्रत्यक्ष पूरग्रस्त भागात काम करत होते. रेल्वेच्या उंच भरावांनी पाण्याची वाट अडवली, अशी लोकांची तक्रार होती. सरकारने नेमलेल्या अभियंत्यांच्या समितीने मात्र पुराचे पाणी अडवून धरणारे मोठे साठवण तलाव बांधण्याची शिफारस केली. खर्च प्रचंड होता. निर्णय घेण्यापूर्वी हा प्रश्न महालनोबीस यांच्याकडे अभिप्रायार्थ आला.

त्यांनी १८७० पासून १९२२ पर्यंतच्या पावसाच्या व पुरांच्या नोंदी एकत्र केल्या. एका पुरावरून एवढेच कळते की पाणी कोठवर चढले. असा पूर किती वर्षांनी येतो, कोणत्या प्रकारच्या पावसाने येतो आणि किती दिवस साचून राहतो, हे एका वर्षावरून कळू शकत नाही. पन्नास वर्षांचा पट समोर ठेवल्यावर चित्र बदलले. साठवण तलावांचा उपयोग होणार नाही, खरी गरज पाण्याचा निचरा लवकर होण्याची आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि त्यासाठी ठिकठिकाणचे उपायही सुचवले. त्यांचा विस्तृत अहवाल १९२७ मध्ये बंगाल सरकारने प्रसिद्ध केला आणि त्यातील अनेक सूचना पुढे अमलात आल्या.

या प्रकरणाचे महत्त्व निष्कर्षापेक्षा क्रमात आहे. पूर, हानी, समिती, बांधकाम हा सरकारी कामाचा नेहमीचा क्रम. त्यात समिती आणि बांधकाम यांच्यामध्ये जुन्या नोंदींच्या तपासणीला जागा मिळाली. एका संभाव्य खर्चाला आकड्यांनी नकार दिला आणि तो नकार मानला गेला. तपासणारा माणूस अभियंता नव्हता, तिशीच्या आसपासचा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

ओरिसातील नद्या

१९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला विनाशकारी पूर आला. येथेही अभियंत्यांची समिती बसली. नदीचे पात्र गाळाने वर उचलले गेले आहे, म्हणून काठचे बांध आणखी काही फूट उंच करावेत, असे तिचे मत पडले. पुन्हा प्रश्न महालनोबीस यांच्याकडे आला.

पात्र खरोखर वर आले आहे की नाही, हे नुसते पाहून ठरत नाही. मात्र त्याची परीक्षा आकड्यांनी करता येते. पात्र उथळ झाले असेल, तर पाणलोट क्षेत्रात पूर्वीइतकाच पाऊस पडूनही नदीची पातळी वर्षानुवर्षे अधिकाधिक चढत गेलेली दिसायला हवी. पाऊस आणि पातळी यांचे नाते बदललेले नसेल, तर पात्रही बदललेले नाही. महालनोबीस यांनी सुमारे साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या. पात्र वर आल्याचे कोणतेही चिन्ह त्यांना आढळले नाही. याचा अर्थ असा की एका चुकीच्या निदानावर मैलोन्‌मैल बांध उंचावले जाणार होते. उंच बांध फुटला की त्यामागे साचलेले पाणी अधिक वेगाने शेतात घुसते, हे ओरिसाच्या शेतकऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नव्हती.

बांध उंचावण्याऐवजी नदीच्या वरच्या भागात धरणे बांधून जादा पाणी तेथेच अडवावे, असे त्यांनी सुचवले. महानदीच्या खोऱ्यासाठी पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज अशी तिन्ही उद्दिष्टे साधणाऱ्या योजनेचे प्राथमिक हिशेबही त्यांनी मांडले. ओरिसातील पर्जन्यवादळे आणि पूर यांवरील त्यांचा निबंध १९४० मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिराकूड धरणाच्या पाठीमागे हे हिशेब होते असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्थात या धरणाचे श्रेय एकाच व्यक्तीला देता येणार नाही. १९३७ च्या पुरानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी महानदीवर जलाशय बांधण्याची शिफारस केली होती आणि प्रत्यक्ष योजना अयोध्यानाथ खोसला यांच्या नेतृत्वाखाली आकारास आली. धरणाचे उद्घाटन १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते झाले.

हिराकूडने दोनशेहून अधिक गावांना झळ पोहोचवली आणि सुमारे एक लाख लोकांना घरदार सोडावे लागले. त्याविरुद्ध १९४६ पासूनच आंदोलन झाले होते. पुराच्या हिशेबात नदीच्या खालच्या अंगाच्या माणसांचे नुकसान मोजले गेले होते, पण वरच्या अंगाला बुडणाऱ्या गावांसाठी त्यात रकाना नव्हता. धरणानंतरही १९८२ आणि २०११ मध्ये महानदीच्या त्रिभुज प्रदेशात मोठे पूर आले.

महालनोबीस यांच्या या पद्धतीमागे एक गृहीत होते. गेल्या पन्नास-साठ वर्षांचा पाऊस हा पुढील पन्नास वर्षांच्या पावसाचा विश्वासार्ह नमुना आहे, असे ते मानत. त्या काळच्या ज्ञानानुसार ते योग्यच होते. हवामानबदलामुळे अतिवृष्टीचे प्रमाण बदलू लागल्यापासून मात्र जुन्या नोंदींवरून धरणाचा सांडवा किंवा पुलाची उंची ठरवणे धोक्याचे झाले आहे. तरीही नोंदीच नसत्या तर पाऊस बदलला की नाही, हेही सांगता आले नसते.

भारतीय सांख्यिकी संस्था आणि ‘संख्या’

प्रेसिडेन्सी कॉलेजातील आपल्या खोलीत महालनोबीस यांनी एक छोटी सांख्यिकी प्रयोगशाळा चालवली होती. तिच्यातून १७ डिसेंबर १९३१ रोजी भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना झाली आणि २८ एप्रिल १९३२ रोजी तिची नोंदणी झाली. पहिल्या वर्षाचा खर्च २३८ रुपये होता. १९३३ मध्ये ‘संख्या’ हे नियतकालिक निघाले. संस्कृतातील या शब्दाला मोजणी आणि सम्यक ज्ञान असे दोन्ही अर्थ असल्याने ते नाव निवडले गेले. राजचंद्र बोस, समरेंद्रनाथ रॉय, सी. आर. राव असे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ या संस्थेत घडले. पुढे संस्था बराहनगर येथे स्थलांतरित झाली. देशातील पहिला संगणक १९५६ मध्ये येथेच बसवण्यात आला. १९५९ मध्ये संसदेने कायदा करून तिला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली.

चिंतामणराव देशमुख हे दीर्घकाळ या संस्थेचे अध्यक्ष होते. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर केंद्रीय अर्थमंत्री या नात्याने त्यांनी दिलेला पाठिंबा संस्थेच्या वाढीला निर्णायक ठरला.

ताग, भात आणि पीक कापणी

रयतवारी असलेल्या मुंबई इलाख्यात गावोगावी तलाठी होता. पिकाची आणेवारी नजरअंदाजाने ठरत असली, तरी निदान कोणाच्या शेतात काय पेरले आहे याची नोंद तो ठेवत असे. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये असा तलाठीच नव्हता. जमीनदार सारा भरत असे आणि सरकारला शेताशी कर्तव्य नसे. पिकाचे आकडे चौकीदाराच्या अंदाजावरून लिहिले जात. कोट्यवधी लोकांचे अन्न आणि तागासारखा निर्यातीचा माल अशा आकड्यांवर तोलला जात होता.

१९३७ पासून महालनोबीस यांनी भारतीय केंद्रीय ताग समितीसाठी तागाच्या लागवडीची नमुना पाहणी सुरू केली. संपूर्ण प्रांत न मोजता योग्य रीतीने निवडलेली थोडी शेते काळजीपूर्वक मोजावीत, ही त्यामागची कल्पना. पहिली काही वर्षे त्यांनी मुद्दाम लहान चाचणी पाहण्या केल्या. नमुन्याचे क्षेत्र केवढे असावे, मोजणीदाराला गावोगाव फिरायला किती वेळ लागतो, दर घटकामागे किती खर्च येतो याचा हिशेब मांडून मगच पाहणी वाढवली. पुढे प्लॉटवार संपूर्ण मोजणी आणि नमुना पाहणी यांची तुलना झाली, तेव्हा नमुना पाहणीने सुमारे एक दशांश खर्चात अधिक विश्वसनीय अंदाज दिल्याचे दिसले. मोजणीदारांची फौज मोठी असली की तिच्यावर देखरेख राहत नाही आणि चुका वाढतात, हे त्याचे साधे कारण होते.

चुका पकडण्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे, ते दोन वेगळ्या गटांकडून मोजून घ्यायचे आणि निकाल ताडून पाहायचे. दोहोंत मोठा फरक पडला, तर कोठेतरी कामचुकारपणा किंवा गफलत आहे हे उघड होते. परस्परगुंफित उपनमुन्यांची ही पद्धत पुढे अनेक देशांनी स्वीकारली. १९४४ मध्ये त्यांचा या विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला आणि १९४५ मध्ये ते सोसायटीचे फेलो झाले.

पीक कापणी प्रयोगातील प्लॉट केवढा असावा यावरून मात्र त्यांचा पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याशी मोठा वाद झाला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे सुखात्मे तेव्हा कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्रज्ञ होते. महालनोबीस काही फूट त्रिज्येच्या लहान वर्तुळातील पीक कापून तोलत. अशा लहान प्लॉटमध्ये कडेची रोपे आत ओढून धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि उत्पन्न फुगून दिसते, असे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. या मुद्द्यावर सुखात्मे यांची बाजू भक्कम होती, आणि सरकारी पीक कापणी प्रयोगांत मोठ्या प्लॉटचीच पद्धत रूढ झाली. पीकविम्याची भरपाई आजही अशाच कापणी प्रयोगांवरून ठरते. त्यामुळे हा वाद केवळ दोन विद्वानांचा होता असे म्हणता येत नाही.

बंगालचा दुष्काळ

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूर भागाला चक्रीवादळ आणि समुद्राच्या लाटांनी झोडपले. हातातोंडाशी आलेल्या अमन भाताची हानी झाली. ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेल्याने तेथून येणारा तांदूळ आधीच बंद झाला होता. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. चौकशी आयोगाने बळींची संख्या सुमारे १५ लाख मानली. नंतरच्या काही अभ्यासकांच्या मते ती ३० लाखांच्या घरात जाते. प्रांतात तांदूळ खरोखर किती होता याविषयी सरकार, व्यापारी आणि लोक यांच्यात वाद चालू राहिला, आणि तो मिटवू शकेल असा विश्वासार्ह आकडा कोणाकडेच नव्हता.

१९४४-४५ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेने दुष्काळाच्या परिणामांची नमुना पाहणी केली. ३८६ गावांतील कुटुंबांना प्रत्यक्ष भेटी देऊन, दुष्काळापूर्वी ती काय करत होती, दुष्काळात त्यांनी काय विकले आणि नंतर त्यांची स्थिती काय झाली हे विचारण्यात आले. अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच लाख कुटुंबांनी आपली सगळी भातजमीन गमावली होती. सर्वांत मोठा आघात शेतमजूर, मच्छीमार, वाहतूक करणारे मजूर, भात कांडणाऱ्या स्त्रिया आणि कारागीर यांच्यावर झाला होता, तर स्वतःची जमीन कसणारे शेतकरी आणि वाटेकरी त्या मानाने तगले होते. दुष्काळ सर्वांना सारखा लागत नाही, हे या तक्त्यांतून स्पष्ट झाले. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळाची जी मीमांसा मांडली, तिच्यात या पाहणीच्या आकड्यांचा आधार घेतला आहे.

ही पाहणी दुष्काळ ओसरल्यानंतरची होती. मेलेल्यांच्या ती उपयोगी पडली नाही. दर वर्षी, आपत्ती असो वा नसो, देशातील कुटुंबांची पाहणी चालू ठेवावी, या विचाराला मात्र तिने बळ दिले.

राष्ट्रीय धोरण

जानेवारी १९४९ मध्ये महालनोबीस केंद्रीय मंत्रिमंडळाचे मानद सांख्यिकी सल्लागार झाले. त्याच वर्षी नेमलेल्या राष्ट्रीय उत्पन्न समितीचे ते अध्यक्ष होते. धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे तिचे अन्य सदस्य होते. देशाच्या उत्पन्नाचा हिशेब करायला बसल्यावर निम्म्याहून अधिक रकाने भरायला माहितीच नाही, हे समितीच्या लक्षात आले. ही उणीव भरून काढण्यासाठी १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. ऑक्टोबर १९५० ते मार्च १९५१ या काळात तिची पहिली फेरी झाली. १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना स्थापन झाली. जानेवारी १९५० मध्ये पुणे येथे भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे महालनोबीस अध्यक्ष होते आणि संख्याशास्त्र कशासाठी, हाच त्यांच्या अध्यक्षीय भाषणाचा विषय होता. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयी जो बहुचर्चित अभ्यास प्रसिद्ध केला, तो राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरच उभा होता.

मार्च १९५५ मध्ये महालनोबीस यांनी दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा सादर केला. यंत्रे तयार करणाऱ्या अवजड उद्योगांत आज अधिक भांडवल गुंतवले, तर उद्या सर्वच उत्पादन वेगाने वाढेल, हे त्याचे सूत्र होते. योजनेवर टीका झाली. मुंबईच्या सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी अन्नधान्य व नित्योपयोगी वस्तूंना अग्रक्रम देणारा पर्याय मांडला. बी. आर. शेणॉय यांनी तुटीच्या अर्थभरण्याविरुद्ध भिन्नमतपत्रिका जोडली. १९५७ मध्ये परकीय चलनाची टंचाई निर्माण झाली. अमेरिकेतून येणाऱ्या धान्यावरील अवलंबन वाढत गेले. १९६५ आणि १९६६ मध्ये लागोपाठ पाऊस हटला आणि तिसऱ्या योजनेनंतर तीन वर्षे नियोजनच स्थगित ठेवावे लागले.

ज्या माणसाने साठ साठ वर्षांचा पाऊस तपासल्याशिवाय एका बांधाची उंची वाढवू दिली नाही, त्याच्या योजनेच्या समीकरणांत मात्र पावसाला स्थान नव्हते. शेतीचे उत्पादन थोड्या भांडवलात वाढेल, असे त्यांत धरले होते. एखाद्या वर्षी मोसमी वारे रुसले तर धान्य, चलन आणि गुंतवणूक यांचे काय होईल, याचा हिशेब त्यांत आढळत नाही. शेतीकडे त्यांचे लक्ष नव्हते, हा आक्षेप पिकांच्या पाहणीत आयुष्याची दहा-बारा वर्षे घालवणाऱ्या माणसावर घेणे अन्यायाचे ठरेल. पण पाहणी करणारे महालनोबीस आणि समीकरण मांडणारे महालनोबीस यांच्यात हे अंतर राहिले, हे नाकारता येत नाही.

व्यक्तिगत जीवन

२७ फेब्रुवारी १९२३ रोजी त्यांचा विवाह निर्मलकुमारी यांच्याशी झाला. ब्राह्म समाजाच्या विद्यार्थी शाखेच्या नियमांबाबत महालनोबीस यांनी घेतलेल्या भूमिकेमुळे वधूपिता हेरंबचंद्र मैत्र यांची या विवाहाला पूर्ण संमती नव्हती. रवींद्रनाथ ठाकूर यांच्याशी या दांपत्याचा निकटचा स्नेह होता. महालनोबीस १९२१ पासून दहा वर्षे विश्वभारतीचे संयुक्त सचिव होते आणि १९२६ च्या युरोप दौऱ्यात पतिपत्नी रवींद्रनाथांसोबत होती. रवींद्रनाथांच्या अखेरच्या दिवसांवरील निर्मलकुमारींचे ‘बाईशे श्रावण’ हे पुस्तक बंगालीत प्रसिद्ध आहे.

महालनोबीस यांचा स्वभाव आग्रही होता. संस्थेचा कारभार ते एकहाती चालवत आणि त्यामुळे अनेक गुणी सहकारी दुरावले. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये संस्थेत आले होते. मतभेदांमुळे ते १९६१ मध्ये बाहेर पडले.

अखेरची वर्षे

१९५४ ते १९५८ या काळात महालनोबीस संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाचे अध्यक्ष होते. १९६० मध्ये उत्पन्नाच्या वाटपाचा अभ्यास करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. नियोजनाचे लाभ कोणाच्या पदरात पडले, हा प्रश्न तिच्यापुढे होता. नेहरूंच्या निधनानंतर दिल्लीतील त्यांचा प्रभाव ओसरला. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. १९७० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पुनर्रचना होऊन ती सरकारी संघटनेकडे गेली. त्यांनी दोन दशके वाढवलेले काम त्यांच्या संस्थेच्या हातून सुटले. हा निर्णय त्यांना रुचला नव्हता.

वयाची ७९ वर्षे पूर्ण होण्यास एक दिवस उरला असताना, २८ जून १९७२ रोजी, त्यांचे कोलकात्यात निधन झाले. अखेरपर्यंत ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे संचालक होते. त्यांच्यानंतर सी. आर. राव यांनी ती जबाबदारी सांभाळली. २००७ पासून २९ जून हा त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.